तीन दिवस गप्प बसा म्हणे!

सिनेमा शुक्रवारी लागतो, आणि सोमवारपर्यंत त्याच्याबद्दल कुणी ब्र काढू नये, अशी मागणी आता चारचौघांत, न लाजता होऊ लागली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'कंगुवा' हा प्रचंड खर्चाचा तमिळ चित्रपट आपटला. तेव्हा तिथल्या निर्मात्यांच्या संघटनेनं थिएटरमालकांना सांगितलं, की खेळ सुटल्यावर प्रेक्षकांसमोर माइक धरणाऱ्यांना आवारात पाऊल ठेवू देऊ नका. पाठोपाठ, पहिले तीन दिवस परीक्षणंच नकोत, म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयानं तशी अंतरिम बंदी दिली नाही. त्याच वर्षी केरळात, उच्च न्यायालयाच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी ४८ तास परीक्षणं थांबवावीत अशी शिफारस केली होती. म्हणजे तमिळनाडूत बहात्तर, केरळात अठ्ठेचाळीस. माणसाचं तोंड किती तास बांधायचं, एवढाच काय तो मतभेद.

आपल्याकडे हाच सूर जरा गोड आवाजात लागतो. प्रीमियरला, गाण्यांच्या अनावरणाला, पुरस्काराच्या मंचावर. 'एवढ्या मेहनतीनं बनवलंय हो, दोन मिनिटांत पाणी नका फिरवू.' 'ज्यांना सिनेमातलं कळतं त्यांनी जरूर बोलावं, पण हे कुणीही उठतं आणि...' आणि शेवटचं हुकमी पान, 'मराठी सिनेमा आहे, आपणच नाही सांभाळायचा तर कुणी?' टाळ्या पडतात. मीही एकदोनदा वाजवल्या असतील, पण टाळ्या वाजवणं निराळं आणि म्हणणं पटणं निराळं.

मला हे म्हणणं पटत नाही. सिनेमा बघून आलेल्या माणसानं चहाच्या टपरीवर, लोकलमध्ये, धुणं वाळत घालताना दिलेलं मत हेच सिनेमाबद्दलचं सगळ्यात स्वच्छ मत असतं, असं माझं म्हणणं आहे. कारण ते देणाऱ्याला त्यातून काहीच मिळायचं नसतं. उलट त्याचे पैसे आधीच गेलेले असतात.

मी राहतो कुरवंड्यात. लोणावळा स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर. नौदलाच्या आयएनएस शिवाजीची हद्द ओलांडली की आमचं गाव. डोक्यावर नागफणीचा सुळका, आणि शनिवार-रविवारी टायगर पॉइंटकडे निघालेल्या गाड्यांची न संपणारी रांग. गावातली निम्मी माणसं बंगल्यांवर, रिसॉर्टवर, गाड्यांवर कामाला. भातखाचरं अजून आहेत, पण दर पावसाळ्यात एखादं कमी झालेलं दिसतं. अशा गावात सिनेमावर चर्चा होते का? होते. रोज होते. आणि ती ऐकून मला जे शिकायला मिळालं, ते सिनेमावरच्या पुष्कळशा छापील मजकुरातून मिळालेलं नाही.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक म्हातारबाबा आहेत, उभा जन्म नागफणीच्या कुशीत गुरं चारण्यात गेला. नातवानं त्यांना मोबाइलवर कुठल्याशा ऐतिहासिक सिनेमातली लढाई दाखवली. मावळे उभ्या चढावर घोडे फेकत निघालेत, धुळीचे लोट, संथ गतीतली उडी, मागे ढोलताशे. बाबांनी बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "आरं, घोडं चढाला असं पळतंय व्हय? खाली उतरून लगाम धरून वडत न्यावं लागतं." नातू म्हणाला, "बाबा, सिनेमा आहे तो." त्यावर बाबा म्हणाले, "आसंल. पन मंग राजांनी डोकं कुठं लावलं?"

हे दुसरं वाक्य मी विसरू शकलेलो नाही. ते का मोलाचं आहे, हे कळायला आमच्या गावाचा घाट ठाऊक हवा.

कुरवंडे घाट मावळातून थेट कोकणात उतरतो. खाली चावणी गाव आणि त्याच्याजवळ उंबरखिंड. शाहिस्तेखान पुण्यात मुक्काम ठोकून बसला होता तेव्हा, १६६१ च्या सुरुवातीला, त्यानं कारतलबखान उझबेकाला कोकण घ्यायला पाठवलं. बरोबर काही हजारांची फौज, तोफा-दारूगोळा, सामानसुमान आणि मोगलांची सरदारीण रायबागन. खान आमच्याच घाटानं उतरला. उतरताना त्याला कुणी हटकलं नाही, कारण त्यानं उतरावं हीच शिवाजी महाराजांची इच्छा होती. फौज खिंडीत पुरती शिरली, पुढचं-मागचं तोंड बंद झालं, आणि मग दोन्ही अंगांच्या रानातून दगड, बाण, गोळ्या. दाट झाडी, वारा नाही, पाणी नाही. एवढं मोठं लष्कर, पण वळायला जागा नाही. 'शिवभारत'कार परमानंदानं त्या अरण्यातली कोंडी तपशीलवार वर्णिली आहे. शेवटी रायबागननं खानाला चार शब्द सुनावले, खान शरण आला, खंडणी भरून आणि सामान टाकून जीव घेऊन गेला. ही लढाई जिंकली ती जागेनं, आणि जागा हेरणाऱ्या डोक्यानं. मोकळ्या मैदानात तेवढ्याच माणसांनी ती हरली असती.

आता आपले ऐतिहासिक सिनेमे बघा. 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार', हिंदीत 'तान्हाजी' आणि 'छावा'. प्रत्येकाचा वकूब वेगळा, सगळे एका मापानं मोजण्यात अर्थ नाही. पण लढाई आली की बहुतेकांची एकच खोड दिसते. कॅमेऱ्याला मोकळं मैदान लागतं, ड्रोनला आभाळ लागतं, नायकाला उडी मारायला जागा लागते. मग गनिमी कावा उरतो संवादापुरता आणि प्रत्यक्ष विजय मिळतो तो एकट्याच्या मनगटानं. ज्या राजानं माणसं वाचवण्यासाठी जागा निवडली, त्याच्या गोष्टीत जागेलाच किंमत नाही. हीच टीका एखाद्या अभ्यासकानं केली असती तर त्याला दोन पानं आणि चार परकी नावं लागली असती. बाबांनी ती एका प्रश्नात केली. आणि त्यांनाच म्हणायचं, 'तुम्हाला सिनेमातलं कळत नाही'?

'तान्हाजी' जानेवारी २०२० मध्ये आला, तेव्हा सिंहगडावर दर रविवारी पायी चढणारी पुण्यातली माणसं हसून विचारत होती, गड एवढा उंच झाला कधी? उत्तर ठरलेलं, 'मनोरंजन आहे, मनोरंजन म्हणून बघा.' गंमत अशी, की त्याच सिनेमातल्या उदयभानूनं, म्हणजे सैफ अली खाननं, नंतर एका मुलाखतीत सांगून टाकलं की हा इतिहास आहे असं आपल्याला वाटत नाही. म्हणजे पैसे घेऊन काम करणाऱ्याला शंका घेता येते. पैसे भरून बघणाऱ्यानं घेतली की तो कोत्या मनाचा.

दुसरा मुद्दा मेहनतीचा. सिनेमा करणं कष्टाचं असतं, यावर वाद नाही. शंभर-दीडशे माणसं महिनोनमहिने राबतात. पण कष्टाचा दाखला देऊन मत बंद करता येत असतं तर मावळातला शेतकरी आज करोडपती असता. गुडघाभर चिखलात वाकून आवणी करावी लागते, पाठीवर इरलं, वर पावसाची झोड. तरी इंद्रायणी तांदूळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चार दाणे तळहातावर घेतं, हुंगतं, दाताखाली फोडून बघतं आणि 'यंदा वास नाही' म्हणून पुढच्या पोत्याकडे जातं. 'आधी एक वर्ष आवणी करून दाखव, मग वासाबद्दल बोल,' असं त्याला अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आवणीवरून आठवलं. एका मराठी सिनेमातल्या गाण्यात नायिका भात लावते. नाव सांगत नाही, गाणं गोड होतं. आमच्या शेजारच्या मावशी, बंगल्यावर स्वयंपाकाला जातात, त्यांनी ते पाहुण्यांच्या टीव्हीवर जाता-येता पाहिलं. संध्याकाळी म्हणाल्या, "ती पुढं-पुढं चालत लावत होती. लावलेलंच तुडवत गेली की सगळं!" भात मागे सरकत लावतात. हे दिग्दर्शकाला, नृत्यदिग्दर्शकाला, छायालेखकाला, संकलकाला, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खाचराच्या बांधावर त्या वेळी उभ्या असलेल्या एखाद्या बाईला विचारावं असंही कुणाला वाटलं नाही. मावशींचं मत सहज होतं, म्हणून ते उथळ ठरत नाही. त्यामागे तीस पावसाळे आहेत. सिनेमावाल्यांना सल्लागार हवा असतो तेव्हा ते तलवारीची मूठ, पागोट्याचा पीळ यांसाठी माणसं शोधतात आणि ते योग्यच आहे. पण सिनेमात तलवारीपेक्षा भात, चूल, बस, घरभाडं, आजारपण हेच जास्त असतं, आणि त्यातली जाणकार माणसं तिकीट काढून समोर बसलेली असतात.

बरं, या 'न कळणाऱ्या' प्रेक्षकाचं मत सिनेमावाल्यांना खरोखरच नको आहे का? 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. त्यानंतरचे दिवस आठवा. थिएटरमध्ये हमसून रडणारी माणसं, पडद्यासमोर उभं राहून गारद देणारी पोरं, हात जोडून बसलेल्या आज्या. मोबाइलवर दुसरं काही येतच नव्हतं. त्यातल्या कुणाला, 'तू चित्रपटशास्त्राचा अभ्यास केला आहेस का?' असं विचारलं गेलं नाही. 'तीन दिवस थांब, मग रड,' असंही कुणी म्हटलं नाही. ते सगळं 'प्रेक्षकांचं प्रेम' होतं. पण त्याच रांगेतल्या एखाद्यानं 'पार्श्वसंगीत इतकं मोठं आहे की निम्मे संवाद बुडाले' असं म्हटलं, आणि ते म्हणणारे थोडे नव्हते, की त्याला लगेच संगीतातलं काय कळतं हा प्रश्न. संगीत ए. आर. रहमानचं आहे, माहीत आहे ना? माहीत आहे. पण ऐकू आलं नाही हे सांगायला रहमानपेक्षा मोठा संगीतकार असावं लागत नाही. दोन कान असले की पुरतं.

डोळ्यातलं पाणी चालतं आणि कपाळावरची आठी चालत नाही, हा या मागणीतला सगळ्यात मोठा ढोंगीपणा. बंदी हवी तर दोन्हींवर मागा. शुक्रवार ते रविवार एकही रडका व्हिडिओ फिरणार नाही, 'प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं' अशी एकही जाहिरात झळकणार नाही, असं लिहून देणारा निर्माता मला दाखवा. मी त्याच्या दारात गप्प उभा राहीन.

याहून अवघड जागेचं दुखणं पुढे आहे. 'छावा'ची झलक जानेवारी २०२५ मध्ये आली, तेव्हा त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ उठला. सिनेमा कुणी पाहिला नव्हता. तरीही दृश्य काढलं गेलं. प्रदर्शनानंतर शिर्क्यांच्या वंशजांनी हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरीही व्यक्त केली. त्याआधी २०२२ च्या नोव्हेंबरात 'हर हर महादेव'चा चालू खेळ ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बंद पाडला गेला आणि प्रेक्षकाला मारहाण झाली. २०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी'तल्या पिंग्यावरून पुण्यात खेळ रद्द झाले. या हरकतींत काही मुद्दे विचार करण्याजोगे होतेही. इतिहासाची मोडतोड होते तेव्हा बोललंच पाहिजे. पण हिशेब बघा. ज्याच्यामागे संघटना आहे, झेंडा आहे, काच फोडण्याची ताकद आहे, त्याच्या न पाहता दिलेल्या मतापुढे सिनेमावाले कात्री घेऊन उभे राहतात. आणि ज्याच्यामागे फक्त फाटलेलं तिकीट आहे, त्याच्या पाहून दिलेल्या मताला तीन दिवसांचं कुलूप.

खरं तर सहज मत देणारा माणूस कुणाच्याही फार उपयोगाचा नसतो, म्हणून तो सगळ्यांना खुपतो. त्याला सिनेमा बंद पाडायचा नसतो. त्याच्या भावना दुखावलेल्या नसतात, फार तर बसून बसून पाठ दुखलेली असते. 'मध्यंतरापर्यंत बरा होता, नंतर ताणलाय,' एवढं म्हणून तो मटकीच्या भावाकडे वळतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते नाकारत नाही. नटीच्या रंगावर, अंगावर, नटाच्या जातीवर घसरणारी मतं असतात. शेवट फोडून टाकणारे असतात. त्यांना तर मी लोकलमधून मधल्याच स्टेशनला उतरवीन. पैसे घेऊन चढवणारे आणि पैसे न मिळाल्यानं उतरवणारेही असतात. पण यातलं एकही मत सहज नाही. ते विकत तरी घेतलेलं असतं, किंवा मनातल्या जुन्या विषाला सिनेमा हे निमित्त तरी झालेलं असतं. त्यांचा बंदोबस्त करायला बदनामीचा कायदा आहे, आणि भाड्याची मतं तर ज्यांनी भाड्यानं घेतली त्यांनीच थांबवायची आहेत. शेतात डुक्कर शिरतं म्हणून गावानं जेवणं सोडावं, हा कुठला न्याय?

'ज्यांना कळतं त्यांनी बोलावं' या म्हणण्याकडे पुन्हा येतो, कारण त्यात एक जुना दर्प आहे आणि तो आमच्या गावाच्या पाण्यानं चांगला ओळखला आहे. इंद्रायणी उगम पावते ती कुरवंड्यापाशी. इथून ती देहूला जाते, आणि देहूत काय झालं हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. वाण्याला अभंग रचायचा अधिकार काय, असं विचारून वह्या जिच्या डोहात बुडवायला लावल्या, ती हीच नदी. प्रभातनं १९३६ मध्ये त्यावर 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीस स्त्रीभूमिका करणारे नट, त्यांना तुकाराम म्हणून घ्यावं की नाही याबद्दल खुद्द दिग्दर्शक दामले-फत्तेलाल साशंक होते, असं सांगतात. म्हणजे ज्यांना सिनेमातलं कळत होतं, त्यांना शंका होती. साध्या प्रेक्षकानं मात्र पागनीसांना थेट तुकाराम म्हणूनच घरात घेतलं. मुंबईच्या 'सेंट्रल'मध्ये सिनेमा वर्षाहून अधिक चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो १९३७ मध्ये, म्हणजे चाळीतल्या, गिरणीतल्या माणसांनी निकाल दिल्यानंतर.

त्या सिनेमात तुकारामांची बायको जिजाई आहे. पोर आजारी पडलं म्हणून चप्पल हातात घेऊन थेट विठोबासमोर जाऊन उभी राहणारी. तिला ब्रह्मज्ञान नव्हतं, तिच्या घरात दाणा नव्हता. तिचं देवाबद्दलचं मत तत्त्वज्ञानाच्या कुठल्याही कसोटीला उतरलं नसतं, पण त्या सिनेमाचा जीव निम्मा तिच्यात आहे, असं मी म्हणेन. देवाला तोंडावर सुनावणारी ही बाई ज्या प्रेक्षकानं नव्वद वर्षं डोक्यावर घेतली, त्यानं निर्मात्याला सुनावण्याआधी बहात्तर तास थांबायचं!

मराठी सिनेमाचा इतिहासच अशा बिनअधिकाराच्या मतांवर उभा आहे. 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये अडीच वर्षं चालला. तेवढा काळ जाहिरात चालत नाही. गावाकडून आलेला माणूस परत जाऊन जे सांगतो, ते चालतं. दादा कोंडक्यांच्या ओळीनं आलेल्या रौप्यमहोत्सवी सिनेमांकडे प्रतिष्ठितांनी नाक मुरडलं. नाक न मुरडणाऱ्यांनी तिकिटं काढली. २०२३ च्या जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला, तेव्हा मंगळागौर खेळणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट 'सैराट'नंतरची सर्वाधिक कमाई करील, असं कुणी पैजेवर सांगितलं असतं का? भिशीच्या मंडळांनी, सोसायटीतल्या जावा-नणंदांनी एकमेकींना फोन करून तो सिनेमा चालवला. नटूनथटून, गॉगल लावून, घोळक्यानं गेल्या. त्यांचं मत पहिल्या तीन दिवसांतच पसरलं. कुणाला ते अज्ञानी वाटलं नाही.

'मराठी आहे म्हणून सांभाळून घ्या' हे शेवटचं पान. सांभाळून घेण्यानं मराठी सिनेमाचं भलं होतं असं मला दिसत नाही. मराठी म्हणून तिकीट काढलेला माणूस एकदा फसतो, दुसऱ्यांदा 'आपलाच आहे' म्हणून गप्प बसतो, तिसऱ्यांदा तो येतच नाही, आणि तो का आला नाही हे तुम्हाला कुणी सांगत नाही. शिवाय मराठी सिनेमाची खरी अडचण प्रेक्षकाच्या जिभेवर कधीच नव्हती, ती वेळापत्रकात आहे. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' आणि 'येरे येरे पैसा ३' एकाच दिवशी लागले, हिंदीची लाट उठली आणि मराठीचे पडदे काढून घेतल्याची ओरड झाली. ती लढाई प्रदर्शकांशी आहे, तिथे जरूर लढा. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला संध्याकाळच्या मोक्याच्या वेळी मराठी सिनेमा दाखवायला लावण्याचा निर्णय झाला, तेव्हा लेखिका शोभा डे यांनी पॉपकॉर्नऐवजी आता मिसळ-वडापाव, अशी थट्टा केली. मला ती मुळीच पटली नव्हती. पण त्या थट्टेवर विधानसभेत हक्कभंग! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे स्थगिती मिळाली. एका फुटकळ मताला एवढी सरकारी शक्ती लावली, तेवढी मोक्याची वेळ खरोखर मिळते का हे बघण्यात लावली असती, तर बरं झालं असतं.

कुरवंड्यातून सिनेमा बघायचा म्हणजे काय, ते एकदा समजून घ्या. रिक्षानं किंवा कुणाच्या दुचाकीवर लोणावळा स्टेशन, तिथून लोकलनं चिंचवड, पुढे मॉल. चार माणसं, तिकिटं, लहानग्याचा पॉपकॉर्नसाठी हट्ट. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, पण शंभराच्या वर अठराच राहिला. आणि मॉलमध्ये संध्याकाळी शंभराच्या आत काय मिळतं? रात्रीचा खेळ पाहिला तर लोकल सापडेलही, पण स्टेशनवरून गावात यायला काय? म्हणजे मराठी सिनेमा दुपारी असेल तर कामाचा दिवस बुडतो आणि रात्री असेल तर पायपीट. एवढं करून गेलेला माणूस परत येऊन दोन वाक्यं बोलणार, आणि ती त्यानं बोललीच पाहिजेत, कारण मागे राहिलेल्यांचे पैसे त्या दोन वाक्यांवर वाचतात किंवा सार्थकी लागतात.

आणि शनिवार-रविवार तर आम्हाला जाताच येत नाही. तुमची सुट्टी म्हणजे आमचा धंदा. बंगले भरलेले, रस्ते तुंबलेले, घरातलं प्रत्येक माणूस कुठेतरी राबत असतं. आमचा सिनेमा मंगळवारी किंवा बुधवारी. तोवर ज्या सिनेमाला पोस्टर, टीव्ही, बसच्या पाठी सगळं परवडतं, तो गप्प बसूनही आमच्यापर्यंत पोचलेला असतो. पण 'स्थळ'सारखा सिनेमा? मार्च २०२५ मध्ये आलेला, विदर्भातल्या खेड्यातली मुलगी, कांदेपोह्यांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा नापास होणारी, नवखे चेहरे. टोरांटोचा पुरस्कार त्याला आधीच मिळालेला होता, पण टोरांटोचं नाव ऐकून इथून कुणी लोकल पकडत नाही. त्याची खबर आमच्याकडे आणली ती पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या एका पोरीनं, मैत्रिणींबरोबर पाहून आल्यावर, एका वाक्यात, "आपल्या ताईचंच दाखवलंय, बघून या." तिनं तीन दिवस मौन पाळलं असतं तर आमच्या मंगळवारपर्यंत ती खबर पोचली नसती. असल्या सिनेमाला दुपारचा एखादाच खेळ मिळतो, तोही गुरुवारपर्यंत राहील याचा भरवसा नसतो. शुक्रवारी त्या पडद्यावर दुसरा सिनेमा लागतो आणि त्याचा निर्माता मंचावर उभा राहून पुन्हा तीच तीन दिवसांची मुदत मागतो.